धागा: जुनी फियाट दुसऱ्या राज्यात नेताना नोंदणी, एनओसी आणि विमा

डिक्कीतला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडीची माहिती आधी देतो, म्हणजे उलट प्रश्न कमी येतील.

फियाट ११००, पेट्रोल, १०८९ सीसी. पहिली नोंदणी १९६७, कोल्हापूर. नंबर जुना तीन अक्षरी. आरसी बुक कापडी पुठ्ठ्याचं, वडिलांच्या नावावर. ते आता नाहीत. पासिंग (आरसीची मुदत) संपून दोन वर्षं झाली. विमा फक्त थर्ड पार्टी होता, तोही संपला. इंजिन मूळचंच, नंबर आरसीशी जुळतो. आरसीवर एका बँकेचा बोजा अजून तसाच आहे. कर्ज कधीच फिटलं, ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. मुक्काम कायमचा बेंगळुरूला हलतोय.

प्रश्न:
जुना नंबर राहील का?
व्हिंटेज नोंदणी घ्यावी की साधं राज्यांतर करावं?
विमा कधी आणि कोणता काढायचा?
गाडी चालवत न्यायची की लादून?

---

फॉर्म_अठ्ठावीस

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कागद कोणत्या क्रमाने करता त्यावर आहे. एक पायरी इकडची तिकडे झाली की तीन अक्षरी नंबर कायमचा गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७: एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथल्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नव्या नंबरासाठी अर्ज करावा लागतो. हा अर्ज फॉर्म २७. त्याला जुन्या राज्याची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागते (कलम ४८, फॉर्म २८, तीन प्रती). एजंट सरसकट हाच रस्ता दाखवतात, कारण तो त्यांच्या हातातला आहे. पण या रस्त्याने गेलात की गाडीला केए मालिकेतला नवा नंबर मिळतो.

दुसरा रस्ता व्हिंटेजचा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ए पासून पुढचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा मोटारगाडी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली, ती व्हिंटेज. भारतात आधीच नोंदलेली गाडी असेल तर तिचा मूळ नंबर कायम ठेवता येतो. नव्यानेच नोंदणी होणार असेल तेव्हा राज्याचा कोड, मग व्हीए, मग दोन अक्षरं आणि चार आकडे असा नंबर मिळतो.

म्हणजे फॉर्म २७ भरून केए नंबर घेतलात आणि सहा महिन्यांनी व्हिंटेजचा अर्ज केलात, तर ‘आधीची नोंदणी’ म्हणजे तो केए नंबरच. तीन अक्षरी नंबर तोवर अभिलेखात गेलेला. जुना नंबर हवा असेल तर व्हिंटेजचा अर्ज जुन्या आरसीवरच जायला हवा.

तुमच्यासाठी क्रम, सगळं गाडी कोल्हापुरात असतानाच:

१. बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी कागदी नोंद संगणकावर चढवणे. कापडी आरसी बुकाची गाडी बहुधा ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत नसते. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाका. माहिती आली नाही तर आरटीओत मूळ आरसी, कराच्या पावत्या आणि ओळखपत्र घेऊन बॅकलॉग नोंदीचा अर्ज द्या. कारकून बुकातून टंकतो, अधिकारी मंजूर करतो. टंकलेली नोंद मंजुरीआधी स्वतः वाचा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय, पाच आणि एस यांची अदलाबदल इथेच होते आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर छळते. ऑनलाइन सेवा चासी नंबरची शेवटची पाच अक्षरं मागते. तिथे जुळलं नाही की अर्ज उघडतच नाही.

२. नूतनीकरण. फॉर्म २५. मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून करता येतं. तुमची मुदत उलटली आहे. २० वर्षांपुढच्या हलक्या मोटारीचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. उशिराबद्दल दरमहा ५०० रुपये वेगळे, म्हणजे २४ महिन्यांचे १२,०००. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर. गाडी तपासणीला न्यावी लागते, पीयूसी आणि चालू विमा दाखवावा लागतो.

३. वारसनोंद. फॉर्म ३१, मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा, बाकी वारसांची संमती. कायद्याप्रमाणे ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला म्हणून नोंद नाकारत नाहीत, दंड भरून घेतात.

४. बोजा उतरवणे. फॉर्म ३५ वर विलीनीकरणानंतरच्या बँकेची सही-शिक्का आणि बोजा नसल्याचं पत्र. शाखेला जुनं खातं सापडत नाही. अशा वेळी ‘आमच्या नोंदीत या वाहनावर कर्ज येणे नाही’ एवढं पत्र पुरतं. त्यात गाडीचा नंबर आणि चासी नंबर दोन्ही लिहून घ्या. नुसतं नाव असेल तर आरटीओ परत पाठवतं.

५. एनओसी. फॉर्म २८ च्या तीन प्रती, चासीचा पेन्सिल छाप, कर भरल्याचा पुरावा, चोरीचा गुन्हा नसल्याचा पोलिस अभिलेख, प्रलंबित ई-चलन शून्य. अर्जाची पोच जपून ठेवा. ३० दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं कायदाच मानतो, आणि नव्या राज्यात त्या पोचेवर प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. प्रत्यक्षात खिडकीवरचा माणूस कागदी एनओसीच मागतो. त्याला कलम ४८ ची छापील प्रत दाखवावी लागते.

६. बेंगळुरूत फॉर्म २७ च्या ऐवजी फॉर्म २० वर व्हिंटेजचा अर्ज. सोबत जुनी आरसी, एनओसी, विमा आणि २०,००० रुपये शुल्क. सोबतच्या पत्रात ‘मूळ नोंदणी क्रमांक कायम ठेवावा’ हे वाक्य स्वतंत्र ओळीत. प्रमाणपत्र फॉर्म २३ए वर, ६० दिवसांत द्यायचं असतं, वैधता १० वर्षं. पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये.

कलम ४७ चे १२ महिने गाडी तिथे पोचल्यापासून मोजायचे. तारखेचा पुरावा म्हणून वाहतूकदाराची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) ठेवा.

---

तिसरा_गिअर

वरचं सगळं बरोबर, पण व्हिंटेज म्हणजे वरदान असं समजून कुणी उडी मारू नये. आधी स्वतःला विचारा: गाडी चालवायची आहे की ठेवायची?

व्हिंटेज आरसीवरची गाडी नेहमीच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तिथवर जाणं-येणं, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच. व्यावसायिक वापर तर बादच, लग्नाच्या वरातीला भाड्याने देणं त्यातच आलं. दर रविवारी सकाळी डोसा खायला जाणं या यादीत कुठेच बसत नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न ‘कुठे निघाला होतात’ हाच विचारते.

जिला आठवड्याला ५० किलोमीटर फिरवायचं आहे, तिच्यासाठी साधी आरसी आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण बरं. पैशाचा हिशेब दहा वर्षांचा मांडा. साध्या मार्गाने आजच्या दराने दोन नूतनीकरणं २०,००० आणि नव्या राज्याचा कर. व्हिंटेजने पहिली दहा वर्षं २०,०००. फरक पैशात फारसा नाही, तो वापराच्या मोकळिकीत आणि नंबरात आहे.

कर्नाटकात साध्या राज्यांतरावर आयुष्यभराचा कर तिथल्या नियमाने आकारतात आणि तो गाडीच्या मूळ किमतीवरून व वयावरून काढतात. १९६७ ची खरेदी पावती असेल तर ती सोन्यासारखी जपा. नसेल तर अधिकारी किंमत ठरवणार, आणि ती तुम्हाला कमी वाटेल अशी शक्यता नाही. :) महाराष्ट्रातून परतावा मिळेल ही आशा सोडा. एकरकमी कराची मुदत केव्हाच संपली, परत करायला शिल्लकच काही नाही.

विकायची झाली तर व्हिंटेज गाडी विकता येते. घेणारा आणि देणारा दोघांनीही ९० दिवसांत आपापल्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणाला कळवायचं.

---

डिक्कीतला

धन्यवाद. महिन्याला दोन-तीनदा चालवणार, तेही जवळच. नंबर मात्र सोडवत नाही. तेव्हा व्हिंटेजकडे कल आहे.

चासी नंबर फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीवर आहे, पण त्यावर रंगाचे तीन थर बसलेत. घासून काढू का?

---

बोनेटखाली

थांबा! ग्राइंडर, वायर ब्रश, सँडपेपर यातलं काहीही लावू नका. घासलेली धातू चमकते आणि निरीक्षकाला पहिला संशय खाडाखोडीचा येतो. रंग काढायचं जेल पातळ थर देऊन १५ मिनिटं ठेवा, मग कापसाने आणि जुन्या टूथब्रशने हलकेच. राहिलेल्या रेषांत थिनर. पट्टीचे रिव्हेट मूळचे असतील तर त्यांना हातही लावू नका. नवे पॉप रिव्हेट दिसले की पट्टी दुसऱ्या गाडीची असेल असं धरून चालतात.

छाप घेताना पातळ कागद चिकटपट्टीने चारही बाजूंनी ताणून लावा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून फिरवा. पाच-सहा प्रती एकदम घ्या. एनओसीला, बेंगळुरूला, विमा तपासणीला, सगळीकडे मागतात. गंजाने आकडा खरोखरच गेला असेल तर स्वतः ठोकून घेऊ नका. आरटीओची लेखी परवानगी घेऊन पुन्हा ठोकतात आणि तशी नोंद आरसीवर येते.

आकडे फायरवॉलवरच असतील असं नाही. फोक्सवॅगन बीटलचा चासी नंबर मागच्या सीटखाली मधल्या बोगद्यावर असतो, इंजिनाचा नंबर डायनॅमोच्या बैठकीखाली केसवर. विलिस जीपचा पुढच्या बाजूला डाव्या चासी रेलच्या आतल्या अंगाला. तेलकट मातीखाली दडलेला असतो, आधी केरोसीनने धुवा.

व्हिंटेजमध्ये गाडी बाद होते ती बहुतेकदा इंजिनावरून. पेट्रोल अँबॅसडरमध्ये इसुझूचं डिझेल इंजिन, जीपमध्ये कुठलंतरी चार सिलिंडर डिझेल, पद्मिनीचं इंजिन जुन्या ११०० मध्ये. पहिली दोन सरळ बाद. तिसऱ्यात इंजिन त्याच घराण्याचं म्हणून वाद घालता येतो, पण निर्णय व्हिंटेज गाड्या तपासणाऱ्या समितीचा, आणि नंबर आरसीवर चढलेला नसेल तर वाद घालायचीही सोय नाही. इंजिन बदलाची नोंद जुन्या राज्यातच करून घ्या. एनओसीवर चुकीचा इंजिन नंबर छापला की तो दुरुस्त करायला परत त्याच खिडकीवर यावं लागतं.

रंगकाम, नवं अपहोल्स्टरी, नवे टायर, वायरिंग यांनी काही बिघडत नाही. १२ व्होल्टचं हॉर्न किंवा जादा टेललाइट यावरून कुणी अडवत नाही. छप्पर कापून उघडी केलेली गाडी, लांबवलेली चासी, फायबरच्या मडगार्डांची अख्खी बॉडी, हे मात्र फेरफार.

आता पीयूसी, कारण नूतनीकरण तिथेच अडेल. भारत स्टेज दोन या प्रदूषण निकषापूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ३.० टक्के आणि हायड्रोकार्बन (एचसी) १५०० पीपीएम, अशी मर्यादा आहे. ठीकठाक सोलेक्स कार्ब्युरेटर असेल तर हे सहज जमतं. दोन वर्षं उभी असलेली गाडी मात्र पहिल्या फेरीत नापास होते, कारणं ठरलेली:

सीओ जास्त: चोक पूर्ण बंद होत नाही (केबल गंजून अर्धी अडकते), एअर फिल्टर तुंबलेला, फ्लोटची पातळी वर, नीडल व्हॉल्व्ह गळका. जुनं पेट्रोल वाळून जेटमध्ये डिंक जमतो. बाउल उघडून जेट काढा आणि हवेने फुंका, तार घालू नका.

एचसी जास्त: पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. पॉइंट जळालेले, कंडेन्सर मेला, प्लगवर काजळी, टॅपेट फार घट्ट, नाहीतर रिंगांतून ऑइल वर येतंय.

सीओ उतरवायला मिक्श्चर स्क्रू आवळत जातात आणि एका टप्प्यानंतर एचसी अचानक उसळतं. मिश्रण इतकं पातळ झालं की ठिणगी पडूनही पेटत नाही. तिथून पाव फेरी मागे या. सोलेक्सला स्क्रू आत म्हणजे पातळ. अँबॅसडरवाल्यांनी लक्षात ठेवा, एसयू कार्ब्युरेटरला खालचा जेट नट वर फिरवला की पातळ.

तपासणीला जाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं इंजिन चांगलं तापू द्या. सायलेन्सरला भोक असेल तर आधी बुजवा. बाहेरची हवा आत ओढली जाते आणि यंत्र रीडिंगच नाकारतं.

---

नंबरप्लेट

+१. टूथब्रशचा सल्ला लाखमोलाचा.

---

सर्व्हे_रिपोर्ट

विम्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. यात गैरसमज सगळ्यात जास्त.

थर्ड पार्टी. सक्तीचा (कलम १४६). गाडी गॅरेजमध्ये झाकून आहे हे कारण रस्त्यावर उतरल्याक्षणी संपतं. कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० आणि पुढे ४,००० रुपये दंड, शिवाय कैदेची तरतूद. १ जून २०२२ पासूनच्या दरांत खासगी मोटारीला १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये. त्याच नियमांत व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला ५० टक्के सूट आहे. तुमची १०८९ सीसी: १,७०८ अधिक १८ टक्के जीएसटी, मिळून २,०१५ रुपये ४४ पैसे. त्यावर मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा. सूट गाडीच्या वयावर नाही, आरसीवरच्या नोंदीवर आहे. फॉर्म २३ए हातात येईपर्यंत पूर्ण ३,४१६ भरावे लागतील.

काढायचा कुठे. संकेतस्थळावर तीन अक्षरी नंबर टाकताच ‘अवैध क्रमांक’ येतं, वर्षाच्या यादीत १९६७ नसतं. एजंट मग नंबरात शून्य घुसवतात किंवा वर्ष १९९० टाकतात. असली पॉलिसी घेऊ नका. दाव्याच्या वेळी चुकीची माहिती दिली म्हणून ती तुमच्यावरच उलटते, आणि ‘वाहन’वर विमा दिसत नाही ते वेगळंच. सरकारी विमा कंपनीच्या शाखेत मूळ आरसी घेऊन जा आणि शाखेतूनच नोंद करून घ्या. खंड पडलेला असल्याने ओन डॅमेजसाठी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) गाडीची तपासणी होईल. ९० दिवसांपेक्षा जास्त खंड म्हणजे नो क्लेम बोनस शून्य.

ओन डॅमेज आणि आयडीव्ही (विम्यासाठी ठरवलेली गाडीची किंमत). पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. कंपनीचं संगणक २०-३० हजार सुचवतं, हप्ता कमी दिसतो म्हणून लोक खूश होतात. मग खड्डा तिथेच. उदाहरण घ्या:

पुढचं मडगार्ड आणि बोनेट चेपलं. पत्र्याचे भाग २०,०००, मजुरी १५,०००, रंगकाम एकत्र बिलात १६,०००. एकूण ५१,०००.
१० वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा: मिळणार १०,०००.
मजुरीवर घसारा नाही: १५,०००.
रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग माल धरतात, म्हणजे ४,०००, आणि त्यावर ५० टक्के घसारा: मिळणार १४,०००.
सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंत १,०००.
हाती ३८,०००.

आता आयडीव्ही ५०,००० असेल तर तिचे ७५ टक्के होतात ३७,५००. दुरुस्तीचा देय खर्च त्यापुढे गेला, म्हणजे गाडी पूर्ण नुकसान या खात्यात. चेपलेल्या मडगार्डापायी! सांगाडा कुणी ठेवायचा, त्याची किंमत किती आणि आरसीचं काय, अशी तीन भांडणं एकदम. म्हणून आयडीव्ही ठरवताना परवानाधारक सर्व्हेअर किंवा मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल जोडा. गाडीच्या चारही बाजू, इंजिन, डॅशबोर्ड, खालचा पत्रा आणि नंबरपट्टी यांचे फोटो अहवालातच हवेत. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीवर ५० टक्के घसारा, काचेवर शून्य. झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापणारं संरक्षण) या वयाच्या गाडीला सहसा देत नाहीत.

‘ॲग्रीड व्हॅल्यू’ मिळेल का? जुन्या मोटार टॅरिफमध्ये (विम्याच्या ठरीव दरांची नियमावली) व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. तिला ओन डॅमेज हप्त्यात २५ टक्के सूट (टॅरिफचं कलम आयएमटी ९) आणि ठरल्या किमतीची पॉलिसी. परिवहन नियमातली व्हिंटेज म्हणजे ५० वर्षं. शब्द तोच, अर्थ दोन. १९६७ ची फियाट आरटीओच्या लेखी व्हिंटेज, पण या जुन्या व्याख्येत बसत नाही. ओन डॅमेजचे दर २००७ पासून मोकळे झाले, तरी बऱ्याच पॉलिसींची कलमं अजून त्याच भाषेत आहेत. प्रस्तावात व्हिंटेज हा शब्द कोणत्या अर्थाने लिहिला आहे ते लेखी विचारा.

पत्ता आणि विभाग. हप्ता नोंदणी कार्यालयावरून ठरतो. अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे हा ए विभाग, बाकी बी. कोल्हापूर बी, बेंगळुरू ए. नोंदणी बदलली की पॉलिसीवर एन्डोर्समेंट (बदलाची नोंद) घ्या आणि फरक भरा. वारसनोंद झाल्यावर आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी वडिलांच्या नावावर, असा एक दिवसही राहू देऊ नका.

गाडी सलग दोन महिने किंवा जास्त उभी ठेवणार असाल तर ‘लेड अप’ची सवलत (आयएमटी ११) विचारा. कंपनीला आधी लेखी कळवावं लागतं. नंतर सांगून मिळत नाही.

---

डिक्कीतला

पूर्ण नुकसानाचं गणित डोक्यातच आलं नव्हतं. मग सध्या थर्ड पार्टी घेऊन गाडी बेंगळुरूला पोचवतो आणि तिथे ओन डॅमेज काढतो, हे कसं वाटतं? नूतनीकरण झालेलं असेल, मग चालवतच नेतो. रस्ता चांगला आहे.

---

सर्व्हे_रिपोर्ट

उलटं करा. खासगी मोटारीच्या पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र) रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने वाहून नेताना होणारं नुकसान ओन डॅमेजमध्येच येतं. नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. धोका प्रवासातच सगळ्यात जास्त, आणि नेमकं तेव्हाच संरक्षण नाही असं होईल. कोल्हापुरातच पॅकेज घ्या. नाहीच जमलं तर वाहतूकदाराकडून वेगळा ट्रान्झिट विमा घ्या आणि त्यात गाडीची किंमत आकड्यात लिहून घ्या.

---

बोनेटखाली

चालवत नेण्याबद्दल: दोन वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर, ब्रेक होज, पाण्याच्या पंपाचं सील आणि इंधनाचे रबरी पाइप यांवर ६०० किलोमीटरचा भरवसा टाकू नका. शंभर किलोमीटरपर्यंत सगळं छान असतं, मग घाटात पेडल खाली जातं.

लादताना बंद कंटेनर मिळाला तर उत्तम. उघड्या ट्रेलरवर बांधायचे पट्टे चाकांना किंवा ॲक्सलला. बंपर, बंपरचे कंस आणि जॅकच्या जागा यांना कधीही नाही. या वयाचा पत्रा तिथेच गंजलेला असतो. टाकीत पाव भागापेक्षा जास्त पेट्रोल नको. बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी करा. हबकॅप, आरसे, बोनेटवरचं चिन्ह काढून डिक्कीत न ठेवता स्वतःबरोबर न्या. चढवताना आणि उतरवताना मीटरचं रीडिंग बिल्टीवर लिहून घ्या, आणि उतरवल्यावर गाडी पाहिल्याशिवाय ‘सुस्थितीत मिळाली’ वर सही करू नका.

मूळ आरसी, एनओसी गाडीत ठेवून पाठवू नका. झेरॉक्स पुरे.

---

किकस्टार्ट

जुन्या जावा किंवा बुलेटला हेच लागू का? आणि डाव्या स्टिअरिंगच्या जीपचं काय?

---

फॉर्म_अठ्ठावीस

दुचाकीला व्हिंटेजचे नियम तेच. पीयूसीची मर्यादा वेगळी: ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला सीओ ४.५ टक्के, एचसी ९००० पीपीएम. थर्ड पार्टीची ५० टक्के सूट मात्र खासगी मोटारीला लिहिलेली आहे, दुचाकीला गृहीत धरू नका.

डाव्या स्टिअरिंगला कलम १२० आहे: चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेचं इशारा देणारं साधन हवं. म्हणजे इंडिकेटर चालायलाच हवेत, हात दाखवून भागत नाही. युद्धकाळातल्या जीपना मूळ वायरिंग ६ व्होल्टचं, त्यात फ्लॅशर रिले मंद चालतो. ६ व्होल्टचाच रिले लावा.

परदेशातून आणलेली गाडी असेल तर जुन्या आरसीच्या जागी बिल ऑफ एंट्री (आयातीचा सीमाशुल्काचा कागद) लागतं. ते हरवलं असेल तर सीमाशुल्क कार्यालयातून प्रमाणित प्रत काढण्यापासून सुरुवात, बाकी सगळं नंतर.

---

डिक्कीतला

शेवटचा प्रश्न. आरसी बुकाच्या पहिल्या पानावर रंग ‘ग्रे’ आहे, गाडी आता क्रीम. अडेल का?

---

फॉर्म_अठ्ठावीस

अडेल. तपासणीत निरीक्षक आरसी आणि गाडी शेजारी ठेवून रंग, इंजिन, चासी, आसनसंख्या एवढंच पाहतो. रंगबदलाची नोंद नूतनीकरणाच्या अर्जाबरोबरच कोल्हापुरात करून घ्या, एकाच तपासणीत दोन्ही होतं. बॅकलॉग नोंदीत मात्र बुकात आहे तोच ग्रे टंकू द्या. तिथे क्रीम लिहिलं तर बुक आणि संगणक जुळणार नाही आणि मंजुरीच थांबेल. आधी ग्रे, मग बदलून क्रीम.

---

बोनेटखाली

आणि ग्रेच परत मारायचा विचार असेल तर तो एनओसीच्या आधी मारा. नंतर मारलात तर एनओसीवर क्रीम आणि ट्रेलरवरून उतरलेली गाडी ग्रे.

---

डिक्कीतला

क्रीमच राहू दे. सोमवारी बॅकलॉगचा अर्ज देतो.